भिंगातून धार चकचकीत दिसते, तरी वस्तरा ओढतो

तक्रार ठरलेली असते. वस्तरा दगडावर पाजवला, चामड्याच्या पट्ट्यावर फिरवला, भिंगाखाली धरला तर सगळं आरशासारखं चकाकतंय. गालाला लावला की मात्र केस कापायच्या ऐवजी ओढतोय. पुन्हा दगड, पुन्हा भिंग, पुन्हा तेच. दुसरी तक्रार याच्या बरोबर उलट. ‘हजार पट’ छापलेला यूएसबी कॅमेरा आणला, त्यात धार करवतीसारखी दिसली, आणि कालपर्यंत ज्या वस्तऱ्याने सुरेख दाढी होत होती तो उगाचच पुन्हा घासून काढला.

दोन्हीकडे हाताचा दोष थोडा आणि पाहण्याचा मोठा असतो. भिंग घेताना बहुतेक जण एवढंच विचारतात की किती पट? त्याआधी ठरवायला हवं की आपल्याला नेमकं काय पाहायचंय. धारेला खाचा आहेत का, बेव्हल धारेपर्यंत पोचलाय का, आधीच्या दगडाचे ओरखडे गेले का, बर्र (दगडाने ढकललेल्या पोलादाची लोंबती पातळ कड) उरलीय का, या चार निरनिराळ्या गोष्टी आहेत. चारही एकाच साधनातून सारख्या दिसत नाहीत, आणि उजेड चुकला तर कशातूनच दिसत नाहीत.

धार दिसत नाही, बेव्हल दिसतो

बेव्हल म्हणजे धारेलगतचा अरुंद तिरपा पट्टा, जो दगडाला प्रत्यक्ष टेकतो आणि घासला जातो. वस्तऱ्यावर तो अनेकदा अर्धा ते एक मिलिमीटर रुंद असतो. दोन बाजूंचे बेव्हल जिथे मिळतात ती रेघ म्हणजे धार. चांगल्या पाजवलेल्या वस्तऱ्यात या रेघेची जाडी अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहूनही कमी भरते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोक्याचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज यावा.

आता डोळ्याचं बघू. वस्तू २५ सेंटिमीटरवर धरली तर निरोगी डोळ्याला एकमेकांपासून ७० ते १०० मायक्रॉनवरचे दोन ठिपके वेगळे ओळखता येतात. दहापट भिंग लावलं की हीच मर्यादा ७ ते १० मायक्रॉनवर येते. इथपर्यंत हिशेब सरळ आहे; पुढे प्रकाश स्वतःच आडवा येतो. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट आबे यांनी १८७३ साली मांडलं की दोन रेघा किती जवळ असल्या तरी वेगळ्या दिसतील हे प्रकाशाच्या तरंगलांबीवर आणि भिंग किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करतं यावर ठरतं. भिंगाच्या त्या क्षमतेचा आकडा म्हणजे न्यूमेरिकल अ‍ॅपर्चर. मायक्रोस्कोपच्या ऑब्जेक्टिव्हवर (वस्तूकडच्या भिंगावर) तो पटीच्या शेजारीच छापलेला असतो. हिरव्या उजेडात १०/०.२५ चं (म्हणजे १० पट, क्षमता ०.२५) ऑब्जेक्टिव्ह सुमारे १.१ मायक्रॉनपर्यंतचा तपशील दाखवतं, ४०/०.६५ चं सुमारे ०.४ मायक्रॉनपर्यंत. धारेचं टोक याच्या काठावर किंवा पलीकडे आहे.

म्हणून धारेची तीक्ष्णता कुठल्याही साध्या भिंगातून दिसत नाही. दिसतात त्या तिच्या आड येणाऱ्या गोष्टी. हे एकदा पटलं की साधन निवडणं पुष्कळ सोपं होतं, कारण आड येणाऱ्या बहुतेक गोष्टी आकाराने मोठ्या असतात आणि दहा ते चाळीस पटीत सापडतात.

पटीच्या आकड्यांना भुलायचं नसेल तर एक हिशेब लक्षात ठेवा. न्यूमेरिकल अ‍ॅपर्चरला हजाराने गुणा. त्याहून जास्त पट घेतली तर चित्र मोठं होतं, पण नवीन काही दिसत नाही. ०.२५ च्या ऑब्जेक्टिव्हला ही सीमा २५० पटीवर येते. यूएसबी कॅमेऱ्यांवरचे ‘१००० पट’, ‘१६०० पट’ हे आकडे या हिशेबात बसत नाहीत. पडदा मोठा घेतला की तिथे पट आपोआप वाढते, तपशील आहे तिथेच राहतो.

आधी उजेड नीट करा

नवं भिंग घेण्याआधी आहे त्याच भिंगाने, पण वेगळ्या उजेडात धार पाहा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात असं माझं ठाम मत आहे.

पाजवलेला बेव्हल हा खराखुरा आरसा असतो. दिव्याचा उजेड त्यावरून परतून थेट डोळ्यात आला तर पट्टा पांढराफेक दिसतो आणि ओरखडे त्या झगमगाटात बुडून जातात. तोच वस्तरा चार-पाच अंशांनी कलता केला की बेव्हल काळा पडतो आणि काळ्यावर ओरखडे पांढऱ्या रेघांनी उठून दिसतात. ‘बेव्हल आरशासारखा दिसतोय’ म्हणणारे बरेचदा फक्त पहिली स्थिती पाहून समाधान मानतात. एकाच जागेकडे पाहत वस्तरा सावकाश कलता करत राहा, पांढऱ्याकडून काळ्याकडे आणि परत. बहुतेक दोष या बदलाच्या क्षणी नजरेत भरतात.

खोलीतले बाकी दिवे बंद करा, एकच टेबल लॅम्प ठेवा. ओरखडे शोधायचे असतील तर उजेड ओरखड्यांना आडवा यायला हवा. दगडावरचे ओरखडे बहुधा धारेला काटकोनात किंवा तिरपे पडतात, म्हणून दिवा पात्याच्या लांबीच्या दिशेने, मुठीकडून किंवा पुढच्या टोकाकडून, अगदी खालच्या कोनात ठेवा. खाचा शोधायच्या असतील तर वेगळी मांडणी लागते. धारेच्या पलीकडे पांढरा कागद धरा आणि उजेड कागदावर पाडा, पात्यावर नको. उजळ पार्श्वभूमीवर धारेची काळी कड दिसते आणि खाच तिच्यात स्पष्ट कापल्यासारखी उमटते.

खिशात मावणाऱ्या मायक्रोस्कोपमध्ये आणि यूएसबी कॅमेऱ्यात एलईडी भिंगाभोवतीच बसवलेले असतात. आरशासारख्या बेव्हलवर त्यांचे ठिपके जसेच्या तसे परावर्तित होतात आणि पाहणाऱ्याला वाटतं की धातूवर डाग आहेत. एलईडीवर ट्रेसिंग पेपरचा तुकडा लावला तर हे ठिपके पसरून सौम्य होतात. मंद करता येत असतील तर मंद करा, किंवा सरळ बंद करून बाजूने टॉर्च मारा.

पाहण्याआधी पातं पुसायलाच हवं, आणि पुसताना हात पाठीकडून धारेकडे जाऊ द्या. दगडाचा वाळलेला गाळ काळ्या खड्ड्यासारखा दिसतो, कापडाचा तंतू खाचेसारखा दिसतो, तेलाचा थर इंद्रधनुषी रंग दाखवतो. शंका आली तर पुन्हा पुसून त्याच जागी पाहा. दोष असेल तर तो तिथेच राहील.

फक्त एक बारीक पट्टी स्पष्ट, बाकी सगळं धूसर

मायक्रोस्कोप वापरणाऱ्यांची ही हमखास अडचण. यंत्र बिघडलेलं नसतं, वस्तरा तिरपा पडलेला असतो.

वस्तरा टेबलावर आडवा ठेवला की खालचा बेव्हल आणि पाठ टेबलाला टेकतात. वरचा बेव्हल मात्र दोन बेव्हलमधल्या पूर्ण कोनाएवढा उतरता राहतो. पाठीची जाडी ५ मिलिमीटर आणि पाठीपासून धारेपर्यंतची रुंदी १८ मिलिमीटर असेल तर हा कोन जवळजवळ १६ अंश भरतो. बेव्हल अर्धा मिलिमीटर रुंद धरला तर त्याची वरची कड आणि धार यांच्या उंचीत साधारण १४० मायक्रॉनचा फरक पडतो. १०/०.२५ च्या ऑब्जेक्टिव्हची फोकसची खोली असते सुमारे ९ मायक्रॉन. १४० मधले ९ स्पष्ट दिसणार आणि उरलेले धूसर, दुसरं काही होऊच शकत नाही. ४०/०.६५ वर ही खोली जेमतेम मायक्रॉन-सव्वा मायक्रॉन असते, तिथे तर रेघसुद्धा हातातून निसटते.

उपाय साधा आहे. वरचा बेव्हल आडवा सपाट यायला धारेची बाजू पाठीच्या जाडीइतकी उचलायची. १६ अंशांची लाकडी पाचर करून घेतली तर कायमची सोय होते. तोवर मऊ क्ले चालते. आधार पात्याच्या पोकळ भागाखाली द्या, धारेखाली कधीच नको. कोन नीट बसला की बेव्हल एकदम काठापासून काठापर्यंत स्पष्ट दिसतो आणि त्या क्षणी लक्षात येतं की आजवर आपण किती कमी पाहत होतो.

साधनं, माझ्या पसंतीच्या क्रमाने

एकच साधन घ्यायचं असेल तर १० पटीचा ट्रिप्लेट लूप, म्हणजे डोळ्याजवळ धरायचं छोटं भिंग, घ्या. यात काचेची तीन भिंगं एकमेकांना चिकटवलेली असतात. त्यामुळे कडेला रंगीत झालर येत नाही आणि रेघा वाकत नाहीत. भिंग ते पातं अंतर साधारण २५ मिलिमीटर राहतं, बाजूने उजेड यायला जागा मिळते, आणि एका नजरेत धारेचा बराच भाग येतो. बेलारूसमध्ये बनणारा बेलोमोचा १० पटीचा ट्रिप्लेट या कामासाठी बरेच जण वापरतात. २० पटीचा ट्रिप्लेटही चांगला, पण त्यात अंतर निम्म्यावर येतं आणि हात स्थिर ठेवायची सवय लागते.

लूप खरा आहे का हे घरीच तपासता येतं. साध्या भिंगाचं फोकसचं अंतर, मिलिमीटरमध्ये, साधारण २५० भागिले पट असतं. १० पटीचा लूप २५ मिलिमीटरवर फोकस व्हायला हवा, ३० पटीचा ८ मिलिमीटरवर. छापलेले ३० पट आणि फोकस मात्र २० मिलिमीटरवर होत असेल तर ते भिंग बारा-साडेबारा पटीचं आहे. घडीच्या चकचकीत ‘३० पट’ भिंगांत हा प्रकार वारंवार दिसतो. दुसरी तपासणी आलेखाच्या कागदावर करा. मधल्या रेघा सरळ पण कडेच्या वाकलेल्या, आणि त्यांना निळी-तांबडी किनार दिसत असेल तर आत एकच भिंग आहे, बाहेर काहीही छापलेलं असो.

खरोखरच ३० पटीच्या लूपला माझा विरोध आहे, आणि कारण सुरक्षिततेचं आहे. ८ मिलिमीटरवर उघडी धार डोळ्यासमोर धरणं म्हणजे एका शिंकेवर सगळं सोपवणं. कुठलाही लूप वापरताना वस्तरा टेबलावर टेकवून स्थिर ठेवा, भिंग डोळ्याजवळ धरा आणि डोकं खाली न्या. वस्तरा हातात घेऊन चेहऱ्याकडे आणू नका. भिंगाच्या हाताची करंगळी टेबलावर टेकली की थरथर बरीच कमी होते.

लूपनंतर पैसे घालायचेच असतील तर ते स्टिरिओ मायक्रोस्कोपमध्ये घाला. पट १० ते ४० च्या दरम्यान, दोन्ही डोळ्यांनी पाहणं, आणि ऑब्जेक्टिव्हखाली साधारण १०० मिलिमीटर मोकळी जागा. हात मोकळे, दिवा हवा तिथे, वस्तरा हवा तसा कलता करता येतो. खोली खरी दिसत असल्याने खाच आहे की दुमडलेली कड आहे हे नजरेलाच कळतं. नियमितपणे वस्तरे पाजवणाऱ्याला याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. ज्यांना दृष्टिदोषासाठी चष्मा काढता येत नाही त्यांनी चष्म्यासकट पूर्ण वर्तुळ दिसतं का हे घेण्याआधी पाहून घ्यावं, कारण काही आयपीसना (डोळ्याकडच्या भिंगांना) डोळा अगदी चिकटवावा लागतो.

खिशातला ६० ते १२० पटीचा मायक्रोस्कोप स्वस्त आणि कामाचा आहे, पण त्याचं काम ठरावीक आहे. बारीक दगडावर गेल्यानंतर आधीच्या दगडाचे ओरखडे राहिलेत का एवढं त्याच्याकडून पाहून घ्या. तो बेव्हलवर सरळ टेकवावा लागतो, म्हणून प्लास्टिकच्या कडेने धारेला धक्का लागणार नाही याची काळजी हवी. खालून आधार देऊन, आधी पाठीवर टेकवून मग हळूच सरकवत धारेकडे या.

शाळा-कॉलेजात असतो तो जैविक मायक्रोस्कोप काही जणांकडे आधीपासून असतो. त्याचा उजेड खालून येतो आणि पोलाद काही पारदर्शक नाही, म्हणून त्यात फक्त धारेची सावली दिसते. खाचा मोजायला ती उत्तम, बेव्हल पाहायला निरुपयोगी. बेव्हलसाठी बाजूने टॉर्च मारून ४ आणि १० ची ऑब्जेक्टिव्ह वापरा. ४० चं ऑब्जेक्टिव्ह ०.१७ मिलिमीटरच्या काचपट्टीतून पाहण्यासाठी बनवलेलं असतं, काचपट्टीशिवाय त्याचं चित्र मऊ येतं. शिवाय ते धारेपासून अर्ध्या-पाऊण मिलिमीटरवर येतं, तिथे बाजूने उजेड शिरत नाही आणि फोकस फिरवताना धार काचेवर आपटू शकते. इतकी पट खरंच हवी असेल तर धातूसाठीचा मायक्रोस्कोप लागतो, ज्यात उजेड ऑब्जेक्टिव्हमधूनच खाली येतो. पण किती पाहावं लागेल तेही बघा. १८ मिलिमीटर क्षेत्राच्या आयपीसमध्ये १० च्या ऑब्जेक्टिव्हला १.८ मिलिमीटर धार एका वेळी दिसते, ४० च्या ऑब्जेक्टिव्हला ०.४५ मिलिमीटर. ७२ मिलिमीटरच्या पात्याला एका बाजूसाठी पहिल्यात चाळीस जागा पाहाव्या लागतील, दुसऱ्यात एकशे साठ. तेवढ्या कोणी पाहत नाही, आणि नेमका दोष न पाहिलेल्या जागी राहतो.

यूएसबी कॅमेरा फोटो ठेवायला बरा. त्यातून मोजायचं असेल तर आधी स्टीलच्या पट्टीवरच्या मिलिमीटरच्या खुणांचा फोटो घ्या आणि पूर्ण चित्राच्या रुंदीत किती मिलिमीटर बसतात ते बघा. तोच त्याचा खरा आकडा. मोबाइलचा कॅमेरा १० पटीच्या लूपवर टेकवूनही तितकेच चांगले फोटो मिळतात.

चकाकतो, पण ओढतो

आता मूळ तक्रारीकडे. चकाकी आणि तीक्ष्णता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बारीक दगडाने बेव्हलचा पाठीकडचा दोन-तृतीयांश भाग आरसा केला असेल आणि धारेलगतची शेवटची पट्टी घासलीच गेली नसेल, तरी भिंगातून सगळं झकास दिसेल. उलट काही नैसर्गिक दगड बेव्हल धुरकट ठेवतात आणि धार अप्रतिम देतात.

पहिली तपासणी भिंगाने सरळ धारेच्या टोकावर पाहण्याची. वस्तरा पाठीवर उभा, धार वर, मुठीला आणि पात्याला पक्का आधार. दिवा वरून, जरा बाजूला. १० पटीच्या लूपने धारेच्या रेघेवरच नजर ठेवा आणि दिवा हळूहळू पुढे-मागे हलवा. नीट मिळालेल्या धारेवर उजेड परतवायला सपाट जागाच नसते, म्हणून तिथे काहीच चमकत नाही. जिथे पांढरी रेघ किंवा चमकता ठिपका दिसतो तिथे धार बोथट आहे, दुमडलेली आहे किंवा खाच आहे. कुठे चमक आली ती जागा पाठीवर मार्करने खूण करून ठेवा. अर्ध्या मायक्रॉनची धार न दाखवणारं हे भिंग दोन-तीन मायक्रॉनचा बोथटपणा मात्र चमकेच्या रूपाने लगेच पकडून देतं, कारण अंधारात चमकणारी गोष्ट भिंगाच्या मर्यादेहून बारीक असली तरी डोळ्याला जाणवते. महागड्या यंत्रांपेक्षा या तपासणीवर माझा जास्त भरवसा आहे.

सलग चमकती रेघ दिसली तर बेव्हल धारेपर्यंत पोचलेला नाही. खात्री करायला दोन्ही बेव्हलवर परमनंट मार्करची शाई लावा, दगडावर एक-दोन हलके हात मारा आणि लूपने पाहा. धारेलगत शाई उरली असेल तर दगड तिथे टेकतच नाही. बारीक दगडावर कितीही वेळ घालवला तरी हे सुटणार नाही, १००० ग्रिटच्या जाड दगडाकडे परत जावं लागेल (ग्रिटचा आकडा जितका लहान, तितके दगडाचे कण जाड). फक्त मुठीकडच्या किंवा पुढच्या टोकाशी शाई उरत असेल तर पातं थोडं वाकलेलं आहे किंवा दगड मध्ये खोलगट झालाय. दगड आधी सपाट करा, मग पुन्हा शाई लावा.

तुटक, नागमोडी चमक आणि वस्तरा उलटवला की ती एकाच बाजूला जास्त, अशी खूण दिसली तर बर्र आहे. दगडाने ढकललेलं पोलाद धारेच्या टोकाला अतिपातळ पट्टीसारखं लोंबत असतं. पहिल्या दोन फटकाऱ्यांत ती कापते, म्हणून वस्तरा सुरुवातीला छान वाटतो आणि अर्ध्या गालावर ओढायला लागतो. तिला काढायला जोर नको. शेवटच्या दगडावर फक्त पात्याच्या वजनाने, आळीपाळीने एकेक हात मारत राहा आणि मधूनमधून चमक तपासा.

ओरखडे जातच नाहीत

प्रत्येक दगडावर तुमच्या हाताची दिशा थोडी बदला. १००० वर ओरखडे एका बाजूला झुकलेले, ४००० वर दुसऱ्या बाजूला. मग भिंगात चुकीच्या दिशेची रेघ दिसली की ती आधीच्या दगडाची हे लगेच ओळखू येतं. दिशा एकच ठेवली तर १०० पटीतूनही कुठला ओरखडा कुणाचा हे सांगता येत नाही. जपानी मापनात १००० ग्रिटच्या दगडाचे कण साधारण ११.५ मायक्रॉनचे, ४००० चे ३ मायक्रॉनचे आणि ८००० चे १.२ मायक्रॉनचे असतात, ओरखडे त्याहून अरुंद. म्हणून १००० ची कामगिरी १० ते २० पटीत नीट दिसते, ४००० ची ६० पटीला, आणि ८००० नंतर १०० पटीलाही बहुतेक वेळा फक्त आरसा दिसतो. तिथे ओरखडे मोजत बसण्यात अर्थ नाही.

आणि उरलेला प्रत्येक ओरखडा काढायचा नसतो. पाठीकडून निघून बेव्हलच्या मध्येच संपलेला ओरखडा धारेला काही करत नाही. धारेपर्यंत पोचलेलाच मोजा.

त्याच जागी पुन्हा पुन्हा खाच

इथे भिंगाचा खरा उपयोग होतो, कारण खाचेच्या आजूबाजूला तिचं कारण लिहिलेलं असतं. खाच सापडली की तिच्यावर न थांबता तिच्यामागच्या बेव्हलवर पाहा.

खाचेच्या तोंडाशी नेमका एकच खोल ओरखडा येऊन संपत असेल तर दोष दगडाचा आहे. बारीक दगडावर आधीच्या दगडाचा जाड कण आलाय, किंवा दगडाची कड मारलेली नाही. दगड धुवा, कडा बोथट करा, प्रत्येक दगडानंतर वस्तरा आणि हात स्वच्छ करा.

ओरखडा नाही, पण बेव्हलवर काळे ठिपके विखुरलेले दिसतात आणि काही धारेच्या अगदी जवळ आहेत, तर ती गंजाची छिद्रं आहेत. ती पोलादात आत गेलेली असतात. धार घासत मागे सरकली की पुढचं छिद्र धारेत येतं आणि नवी खाच तयार होते. ‘मी खाच काढतो आणि ती परत येते’ यामागे बहुधा हेच असतं. छिद्रांचा पट्टा पूर्ण ओलांडेपर्यंत पोलाद घासणं हा एकच उपाय. ठिपके बेव्हलच्या वरपर्यंत पसरलेले दिसत असतील तर तो वस्तरा सोडून द्यावा.

कड तुटलेली नसून एका बाजूला वळलेली दिसली, तर चामड्याचा पट्टा ढिला धरल्यामुळे किंवा वळवताना पाठीऐवजी धार आधी वळल्यामुळे ती दुमडलीय. आणि खाच नेहमी एकाच ठिकाणी, बाकी धार निर्दोष, अशी स्थिती असेल तर वस्तरा मिटताना वरून पाहा. पातं मुठीच्या मधोमध न जाता एका बाजूला जात असेल तर धार दर वेळी मुठीच्या आतल्या कडेवर घासतेय.

यातलं काहीच नसेल आणि खाचा दाढीनंतरच येत असतील, तर आश्चर्य वाटून घेऊ नका. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिलं की केस पोलादापेक्षा कितीतरी मऊ असूनही धारेचे बारीक तुकडे पाडू शकतो. केस धारेला तिरपा भेटला, पोलादाची आतली रचना सगळीकडे सारखी नसली आणि केसाची कड नेमक्या कमजोर जागी आली, की तुकडा उडतो. केस गरम पाण्याने नीट भिजवा, वस्तरा चेहऱ्यावर कमी कोनात धरा, आणि पुढच्या दोन-तीन दाढ्यांनंतर त्याच उजेडात धारेचा फोटो घेऊन तुलना करा.

मोठ्या पटीत धार करवतीसारखी दिसते

१०० पटीच्या पुढे जवळजवळ प्रत्येक धार दातेरी दिसते, कारण प्रत्येक ओरखडा धारेला जिथे मिळतो तिथे मायक्रॉनभर खालीवर होतं. कॅमेऱ्याच्या सॉफ्टवेअरने कडा जास्त ठळक केल्या की हेच दाते अजून भयंकर वाटतात. त्या जागी १० किंवा २० पटीचा लूप लावा आणि उजळ कागदाची मांडणी करून पाहा. तिथेही खाच दिसली तर दगडाकडे जा. तिथे कड सलग असेल, टोकावर चमक नसेल आणि दाढी नीट होत असेल, तर वस्तरा दगडाला लावू नका. चामड्याच्या पट्ट्यावर फिरवा, पुसा, आणि दाढी जड वाटायला लागेल तेव्हाच पुन्हा भिंग काढा.